‘व्हेरी फ्रीझिंग’ चूक कसं? निफाडच्या थंडीला तरी सूट द्या!

निफाडची_लेक | मंगळवार, रात्री ९:४०

मंडळी, एक अडाणी प्रश्न आहे, हसू नका.

लेक आठवीत, इंग्रजी माध्यमात. नाताळच्या सुट्टीत आजोळी निफाडला गेलो होतो, त्यावर शाळेत निबंध होता. तिने लिहिलं : ‘निफाड वॉज व्हेरी फ्रीझिंग. माय ग्रँडमदर वॉज व्हेरी एग्झॉस्टेड. बट द फूड वॉज व्हेरी डिलिशस.’ तीन वाक्यं, तीन लाल रेघा. प्रत्येक ‘व्हेरी’वर काट. बाजूला ना शेरा, ना कारण.

मी मराठी माध्यमाची, नाशिकरोडच्या शाळेतली. आम्हाला एवढंच सांगितलं होतं की जास्त म्हणायचं असेल तर आधी ‘व्हेरी’ लावा. चहात साखर कमी वाटली की वरून घालतात, तसं. वही घेऊन लेक विचारते, “आई, म्हणजे तिथे थंडी कमी होती का?” काय सांगू हिला? पहाटे पाचला माझे वडील द्राक्षबागेत शेकोट्या पेटवत फिरत होते. गोधडीतून हिचं नाक तेवढं बाहेर होतं, तेही लाल.

तर कुठल्या शब्दाला ‘व्हेरी’ चालतं आणि कुठल्याला नाही, हे ओळखायचं कसं? यादी पाठ करायची, की त्यातही काही कळ आहे?

तर्रीवाला | ९:४६

निफाडच्या थंडीला व्हेरी लागत नाही, कानटोपी लागते.

शिकवणीबाई | १०:०५

एकतीस वर्षं इंग्रजी शिकवून आता निवृत्त आहे, त्यामुळे आधी रेघ मारणाऱ्या हाताची बाजू घेते. रेघ बरोबर आहे. पण कारण न लिहिता नुसती काट मारणं मलाही पटत नाही. मुलांना त्यातून काहीच कळत नाही.

कोल्ड हे साधं विशेषण. थंडी कमी-जास्त होते, म्हणून अ बिट कोल्ड, फेअर्ली कोल्ड, व्हेरी कोल्ड असं सगळं म्हणता येतं. फ्रीझिंग म्हणजे गोठवणारी. त्या शब्दात ‘खूप’ आधीच मुरलंय, वरून आणखी घालायला जागाच नाही. टायर्डचा एग्झॉस्टेड होतो, हंग्रीचा स्टार्व्हिंग, अँग्रीचा फ्युरियस, बिगचा एनॉर्मस, स्मॉलचा टायनी, डर्टीचा फिल्दी, फनीचा हिलॅरियस. टेस्टी आणि डिलिशस तसेच. डावीकडच्यांना व्हेरी. उजवीकडच्यांवर जोर द्यायचाच असेल तर ॲब्सोल्यूटली. रियली मात्र दोन्ही घरचा पाहुणा आहे, रियली कोल्डही चालतं आणि रियली फ्रीझिंगही.

आता कळ. शब्दाच्या आधी ‘अ बिट’ लावून बघायचं. अ बिट टायर्ड, ठीक. अ बिट एग्झॉस्टेड म्हणजे काय, थोडासा पार गळून गेलो? ज्याला ‘अ बिट’ सोसत नाही त्याला ‘व्हेरी’ही सोसत नाही. मी वर्गात हेच करून घ्यायचे.

उलटतपासणी | १०:२१

बाई, हरकत नोंदवतो. ‘अ बिट गुड’ कुठे चालतं? तुमच्या परीक्षेत बिचारा गुड नापास. मग ‘व्हेरी गुड’ही चूक?

शिकवणीबाई | १०:२९

वकीलसाहेब, हरकत मंजूर. ‘अ बिट’ बहुधा नकोशा गोष्टींनाच लागतं : अ बिट कोल्ड, अ बिट लेट, अ बिट एक्स्पेन्सिव्ह. चांगल्या शब्दांना फेअर्ली लावून बघा. फेअर्ली गुड चालतं, फेअर्ली एक्सलंट अडखळतं. वर्गात असतात तर पहिल्या बाकावर बसवलं असतं.

तर्रीवाला | १०:३१

पहिल्या बाकावर म्हणजे शिक्षाच की. 😄

पंचवटीकर | १०:५८

बाईंनी सांगितलेलं गंगेवर उभं राहून सांगतो. (बाहेरगावच्यांसाठी : आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो.)

रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुती उभा आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं गाव एकच विचारतं, “मारुतीला पाणी कुठवर आलं?” क्युसेकचे आकडे पेपरात येतात, पण खरं माप हेच. पाणी पायाला लागलं, गुडघ्याला आलं, कमरेला, छातीला, गळ्याला. गळ्यापर्यंतचं सगळं म्हणजे बाईंची डावी बाजू. थोडं, बरंच, खूप, फार, काय लावायचं ते लावा. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टात मारुती बुडाला. बुडाला म्हटल्यावर पुढे कोणी “खूप बुडाला का?” असं विचारत नाही. “पूर्ण बुडाला का?” असं मात्र विचारतात. हेच ते ॲब्सोल्यूटली.

२०१९ ला मी सराफ बाजाराच्या तोंडाशी उभा होतो. शेजारी एक म्हातारबाबा होते, एकोणसत्तरचा पूर पाहिलेले. मी म्हटलं, “बाबा, केवढा मोठा पूर!” त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. म्हणाले, “हा पूर. तो महापूर.” त्या म्हाताऱ्याला बिग आणि एनॉर्मस मधला फरक कोणी शिकवला होता?

निफाडची_लेक | ११:१०

पंचवटीकर दादा, हे मी उद्या लेकीला मारुतीसमोर नेऊन दाखवणार. बाई, ‘अ बिट’ची कळ आत्ताच वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतली.

उलटतपासणी | ११:३७

एवढ्यात समारोप नको. माझा मूळ आक्षेप शिल्लक आहे. हा नियम कोणत्या कलमाखाली येतो? इंग्रज लोक स्वतः सर्रास ‘व्हेरी युनिक’ म्हणतात. युनिक म्हणजे एकमेव, त्यात खूप एकमेव काय असतं? अमेरिकेच्या राज्यघटनेचं पहिलंच वाक्य घ्या, १७८७ सालचं. ‘मोअर परफेक्ट युनियन’ घडवायची म्हणतात. परफेक्टच्या पुढे मोअर! तिथे कोणी लाल रेघ मारली नाही. आठवीच्या पोरीनेच काय घोडं मारलंय?

शिकवणीबाई | बुधवार, सकाळी ७:१५

घोडं कुणी मारलं नाही. घटना लिहिणाऱ्यांना परफेक्टचा अर्थ ठाऊक होता, त्यांनी ‘आहे त्यापेक्षा पूर्णत्वाच्या जवळ’ या अर्थी तो वाकवला. जाणून वाकवणं वेगळं आणि माहीत नसल्यामुळे वाकणं वेगळं. हा कायदा नाहीच, कान आहे. कानाला खटकतं म्हणून बहुतेक लोक बोलत नाहीत, एवढंच. ‘व्हेरी डिलिशस’ तर आता इतकं ऐकू येतं की मी स्वतः कदाचित सोडून दिलं असतं. ‘व्हेरी फ्रीझिंग’ला मात्र रेघ मारलीच असती.

हिरवीगार | ८:०२

मला वाटतं हा नियम आपल्याला मराठीतून येतोच, फक्त आपण त्याच्याकडे पाहत नाही.

हिरवंगार. आता ‘खूप हिरवंगार’ म्हणून बघा. कसंतरी होतं ना? ‘अगदी हिरवंगार’ म्हणा, छान बसतं. ‘थोडंसं काळंकुट्ट’? ‘जरासं लालभडक’? छे! म्हणजे हिरवं हे ग्रीन, आणि हिरवंगार म्हणजे फ्रीझिंगच्या गटातलं. व्हेरीच्या जागी खूप, ॲब्सोल्यूटलीच्या जागी अगदी किंवा एकदम, आणि रियलीच्या जागी आपली ‘लई’. लई हिरवं, लई हिरवंगार, दोन्ही चालतं. लईला सगळं माफ.

(सदस्यनाव या चर्चेसाठी घेतलेलं नाही, आधीपासूनचं आहे. 😊)

बागाईतदार | ८:२०

+१. ‘खूप थंडगार’ मी आयुष्यात ऐकलं नाही.

तर्रीवाला | ८:२४

मी ऐकलंय. रसवंतीवाल्याच्या पाटीवर : ‘खूप थंडगार ऊसाचा रस’. रस कोमट होता.

कोरा_कागद | ९:५०

हिरवीगार, मुद्दा झकास, पण जोडी जरा सरकवायला हवी. हिरवंगार, काळंकुट्ट, पिवळंधमक, निळंशार, पांढरंशुभ्र यांत मूळ शब्द तसाच राहतो आणि मागे एक शेपूट लागतं. शेपूटही ज्याचं त्यालाच शोभतं. काळ्याला कुट्ट, निळ्याला शार. निळंकुट्ट म्हणालात तर नवीन आजार वाटेल. कोल्ड आणि फ्रीझिंग मध्ये तसं नाही, तिथे शब्दच बदलतो.

तुमच्या हिरव्यागारची खरी इंग्रजी भावंडं वेगळी. मिट्ट काळोख म्हणजे पिच डार्क, पिच म्हणजे डांबर. नवाकोरा म्हणजे ब्रँड न्यू, यातला ब्रँड म्हणजे आग, भट्टीतून नुकतं बाहेर काढलेलं. ठार बहिरा म्हणजे स्टोन डेफ. कोरडाठाक म्हणजे बोन ड्राय. गाढ झोपलेला म्हणजे फास्ट अस्लीप. इथेही जोडीदार बदलता येत नाही. स्टोन ड्राय, पिच न्यू कोणी म्हणत नाही. आणि यांनाही व्हेरी लागत नाही, त्या अर्थी तुमचं बरोबरच.

शब्द बदलणारी मराठी जोडी हवी असेल तर पूर आणि महापूर नको, तिथे नुसता ‘महा’ जोडलाय. गरम आणि कढत घ्या. मोठा आणि प्रचंड घ्या. ‘खूप प्रचंड’ म्हणून बघा.

पंचवटीकर | १०:०४

आमच्या म्हातारबाबांना नापास केलंत?

कोरा_कागद | १०:०६

तोंडी परीक्षेत पैकीच्या पैकी दिले आहेत.

अंबड_शिफ्ट | दुपारी १:१२

जेवणाच्या सुट्टीत वाचतोय. एक शब्द अजून कोणी काढला नाही म्हणून सांगतो. तो शब्द आम्हाला चांगलाच महागात पडला. क्वाइट.

अंबड एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे. इंग्लंडच्या ग्राहकाला कास्टिंगचे नमुने पाठवले होते. तीन महिने जीव काढला होता. त्यांचा मेल आला : ‘द सरफेस फिनिश इज क्वाइट गुड.’ आमच्या साहेबांनी क्वाइट म्हणजे ‘खूपच’ असं धरलं. संध्याकाळी पेढे. शिफ्टमधल्या सगळ्यांना वाटले, गेटवरच्या वॉचमनलासुद्धा. पुढच्या आठवड्यातल्या कॉलवर कळलं की फिनिश ‘ठीक आहे, पण अजून सुधारा’ असं त्यांना म्हणायचं होतं. ऑर्डर पुढच्या नमुन्यांवर अडकली. पेढे पोटात गेले होते ते गेले.

गंमत पुढे आहे. त्याच कॉलवर त्यांचा माणूस म्हणाला, ‘दॅट डेट इज क्वाइट इम्पॉसिबल.’ आता आम्ही शहाणे झालो होतो. क्वाइट म्हणजे थोडंसं, म्हणजे थोडंसं अशक्य, म्हणजे ओढूनताणून जमेल. साहेबांनी तीच तारीख पकडून नियोजन केलं. तेही आपटलं.

मग शोधून काढलं. साध्या शब्दाआधी क्वाइट आला की ब्रिटिश माणूस शब्द पातळ करतो. गुड, टायर्ड, कोल्ड यांच्याआधी तो म्हणजे ‘बऱ्यापैकी’. आधीच भरलेल्या शब्दाआधी आला, इम्पॉसिबल, एग्झॉस्टेड, ब्रिलियंट, की तोच क्वाइट ‘संपूर्णपणे’ होतो. म्हणजे पुढचा शब्द कुठल्या जातीचा हे कळल्याशिवाय क्वाइटचा अर्थच लागत नाही. अमेरिकन लोकांचं क्वाइट गुड ब्रिटिशांपेक्षा वरचं असतं, ते आणखी वेगळं.

त्यामुळे ताई, हे फक्त मार्कांपुरतं नाही. आमचे पेढ्यांचे पैसे गेलेत यात.

तर्रीवाला | १:१५

वॉचमनला काय, त्याला पेढा मिळाला. क्वाइट असो की ॲब्सोल्यूटली.

हिरवीगार | १:४०

@अंबड_शिफ्ट, आपल्याकडे ‘बरा’ हेच करतो की! “भाजी बरी झालीय” म्हटलं तर सासरी तोंडं पडतात. “भाजी बरीच झालीय” म्हटलं तर पातेलं मोठं काढतात. मुलगा ‘बरा आहे’ आणि ‘बराच शिकलेला आहे’ मध्ये तर लग्न ठरतं किंवा मोडतं.

बागाईतदार | ३:३०

मी द्राक्ष निर्यात करतो, दिंडोरी भागात बाग आहे. माझा अनुभव थोडा उलटा.

सुरुवातीला हॉलंडच्या खरेदीदाराला मी मोठ्या हौसेने मेल लिहायचो. व्हेरी डिलिशस, व्हेरी एक्सलंट, व्हेरी फँटास्टिक थॉमसन सीडलेस. भाच्याने सांगितलं, मामा, व्हेरी काढ, ॲब्सोल्यूटली टाक. टाकलं. तिकडून दोन ओळींचं उत्तर : मण्याचा आकार किती मिलिमीटर, ब्रिक्स (म्हणजे रसातल्या साखरेचं माप) किती, घड किती वजनाचा. बस. विशेषणांकडे बघितलंसुद्धा नाही.

आता मी रिफ्रॅक्टोमीटर खिशात घेऊन फिरतो. मणी चिरडायचा, रसाचा थेंब काचेवर सोडायचा, उजेडाकडे धरून आत बघायचं. निळी आणि पांढरी रेघ जिथे मिळते तो आकडा. अठरा म्हणजे अठरा. साधं विशेषण नाही आणि जोरदारही नाही. आकड्यापुढे व्हेरी लावून दाखवा कोणी!

पण एक कबूल करतो. घरी बायको विचारते “गोड आहेत का?” तेव्हा मी “अठरा ब्रिक्स” म्हणत नाही. “गोडमिट्ट” म्हणतो.

उलटतपासणी | ३:४४

बागाईतदार, तुमच्याकडे थंडीत मणी तडकतात ना? मग ‘फ्रीझिंग’वर तुमची साक्ष घ्यायला हवी. फ्रीझिंग म्हणजे शून्य अंश. निफाडला शून्य होतं का?

बागाईतदार | ४:०१

शून्य नाही, पण लाजवेल असं. २०१८ च्या डिसेंबरात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा दोनच्याही खाली गेला होता. आम्ही पहाटे ठिबक चालू करतो, जमिनीखालच्या पाण्याला थोडी ऊब असते. बांधावर शेकोट्या करतो, धुराची चादर पसरते. तेव्हा शाळेतल्या बाईंना विचारायला वेळ नसतो.

शिकवणीबाई | ४:२०

बोलण्यातल्या फ्रीझिंगला शून्य लागत नाही हो. स्टार्व्हिंग म्हणणारा उपाशी मरत नसतो, त्याचा डबा फक्त उशिरा आलेला असतो. बॉइलिंग म्हणणाऱ्याला शंभर अंशांत कोणी बसवलेलं नसतं. मे महिन्यात आपल्या नाशकातल्या द्वारकेच्या सिग्नलवर उभं राहून ‘इट्स बॉइलिंग’ म्हणायला पूर्ण परवानगी.

कोरा_कागद | ४:३५

बाई, स्टार्व्हचा मूळ अर्थच ‘मरणे’ होता, जुन्या इंग्रजीत. जर्मनमध्ये मरणे म्हणजे अजूनही श्टेर्बन, तेच घराणं. नंतर तो शब्द भुकेपुरता उरला आणि आता डबा उशिरा येण्यापुरता.

एग्झॉस्टेडचं मूळ लॅटिनमध्ये, अर्थ पाणी उपसून काढणे. विहीर उपसून तळ दिसावा, तसा माणूस. आजींसाठी हा शब्द मुलीने नकळत फार नेमका निवडला होता, फक्त व्हेरीने घात केला.

अवांतर सुरूच आहे तर हेही घ्या. ऑफुल म्हणजे पूर्वी मनात धाक, आदर भरवणारं, आता नुसतं वाईट. टेरिफिक म्हणजे भय घालणारं, आता झकास. टेरिबल मात्र जिथे होतं तिथेच राहिलं. एकाच घरातले दोन भाऊ, एक नावाजला, एक बदनाम. खुद्द व्हेरीचा अर्थ जुन्या फ्रेंचात ‘खरा’ असा होता. खरोखर थंड, तेच वापरून वापरून खूप थंड झालं.

हिरवीगार | ४:५०

आणि आमच्या कॉलेजात सध्या ‘भयानक गोड’, ‘भीषण सुंदर’, ‘बेक्कार भारी’ चालू आहे. आजी म्हणते, एक काहीतरी ठरवा, भ्यायचं का आवडून घ्यायचं.

सिस्टर_नाईट | गुरुवार, पहाटे ४:१०

नाइट ड्युटी. वॉर्ड शांत आहे म्हणून लिहिते.

मी बाहेर जाण्यासाठी नर्सिंगवाल्यांची इंग्रजी परीक्षा देतेय, ओईटी. सरावात मी ‘द पेशंट इज हॅविंग व्हेरी ॲगनायझिंग पेन’ लिहिलं. शिकवणाऱ्या मॅडमनी व्हेरी काढलं, मग ॲगनायझिंगही काढलं आणि ‘सिव्हिअर’ लिहिलं. म्हणाल्या, घरी बोलायचे शब्द वेगळे आणि केसपेपरवरचे वेगळे. इथे माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर. नाहीतर शून्य ते दहा.

पण रोज बघते ना. काल दोन पेशंट शेजारी-शेजारी होते. एकाला सलाइनची सुई टोचली तर “मेलो, मेलो!” दुसरे आजोबा, शेतातले, खुब्याचं हाड मोडलेलं. विचारलं, “बाबा, किती दुखतंय?” म्हणाले, “असंच, थोडं.” ओठ पांढरे पडले होते. दहापैकी किती म्हटलं तर विचारात पडले आणि म्हणाले, “चारआठ आणे.” मी आठ लिहिलं.

मराठीत दुखण्याला किती शब्द आहेत! ठणका वेगळा, कळ वेगळी, सणक वेगळी, ठसठस वेगळी. ते नुसतं किती नाही, कसं दुखतंय तेही सांगतात. ते इंग्रजीत आणताना माझी दमछाक होते.

कोरा_कागद | सकाळी ८:३०

सिस्टर, त्या आजोबांना बरं वाटो. इंग्रजीत असह्य वेदनेला ‘एक्स्क्रुशिएटिंग’ म्हणतात, त्यात क्रूस दडलाय. यापुढे व्हेरी लावायची कुणाची हिंमत?

रविवार_कारंजा | ११:२०

मी कॉल सेंटरच्या पोरांना बोलायला शिकवतो. तुम्ही सगळे लिहिण्यावर बोलताय, पण हे शब्द बोलण्यात जास्त लागतात आणि एका ठरावीक जागी येतात. समोरचा साधा शब्द वापरून विचारतो, तुम्ही तोच शब्द उचलून त्याच्यावर मोठा शब्द ठेवता. ‘वॉज इट कोल्ड?’ ‘कोल्ड? इट वॉज फ्रीझिंग!’ फ्रीझिंगच्या ‘फ्री’वर दाब द्यायचा. सपाट आवाजात म्हणालात तर हवामान खात्याचं निवेदन वाटतं.

पोरांना हे जमत नव्हतं. रंगपंचमीनंतरच्या दिवशी बॅचमध्ये एक दिल्लीचा मुलगा होता, नवा. त्याला मित्रांनी तिवंध्याच्या रहाडीवर नेलं होतं. (रहाड म्हणजे पेशव्यांच्या काळापासूनचा जमिनीतला दगडी हौद, वर्षभर झाकलेला, रंगपंचमीला उघडतात, आत रंग, वरून उड्या. उडीला धप्पा म्हणतात.) कान, मान, नखं सगळं पिवळं होतं. मी सहज विचारलं, ‘डिड यू गेट वेट?’ तो ओरडला, ‘वेट? सर, आय वॉज सोक्ड!’ दाब बरोबर जागी, चढ बरोबर. मी सगळ्या बॅचला म्हटलं, ऐका, असं.

मराठीत तर आपण रोजच करतो. “गर्दी होती का?” “गर्दी? अहो, मुंगी शिरायला जागा नव्हती!” सिंहस्थात राहिलेल्या नाशिककराला हे शिकवायला लागतं का?

तर्रीवाला | ११:२६

“मिसळ तिखट आहे का?” “तिखट? कानातून धूर!” झालं, मला आलं इंग्रजी.

उलटतपासणी | दुपारी १२:०५

शेवटचा मुद्दा, मग मी बसतो. बाई म्हणतात टोकाच्या शब्दांना अर्धमुर्धं काही लागत नाही. डेड हा टोकाचा शब्द. व्हेरी डेड चालत नाही, मान्य. पण ‘हाफ डेड’ चालतं! मराठीत अर्धमेला आहेच. आणि ‘ठार मेला’ही आहे. मेलेल्याला ठार आणखी काय करतो?

शिकवणीबाई | १२:३२

आता खरा चांगला प्रश्न विचारलात. उजवीकडे दोन प्रकारचे लोक राहतात. एक फ्रीझिंग, फ्युरियस, एनॉर्मसवाले. हे साध्या शब्दाचेच चढलेले अवतार. दुसरे डेड, एम्प्टी, फुल, इम्पॉसिबलवाले. हे चढलेले नाहीत, ते सीमेची पाटी आहेत. अलीकडे किंवा पलीकडे. व्हेरी दोघांनाही लागत नाही, पण सीमेपर्यंत किती चालत गेलो हे सांगता येतं, म्हणून हाफ डेड, ऑलमोस्ट एम्प्टी, निअर्ली इम्पॉसिबल. ‘ऑलमोस्ट फ्युरियस’ मात्र विचित्र वाटतं. पंचवटीकरांचा मारुतीसुद्धा अर्धा बुडू शकतो, तेव्हा तो दुसऱ्या गटातला. त्यांच्या म्हातारबाबांचा महापूर पहिल्या.

‘ठार मेला’ मध्ये ठार म्हणजे आपलं ॲब्सोल्यूटली. वेडा, बहिरा, आंधळा, मेला, एवढ्यांच्याच घरी जातं.

पंचवटीकर | १२:४०

म्हातारबाबा पास. मारुतीची शाळा बदलली. चालेल.

निफाडची_लेक | रात्री ९:१५

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल संध्याकाळी लेकीला रामकुंडावर नेलं. मारुतीच्या गुडघ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “अ बिट.” गळ्याकडे दाखवून, “व्हेरी.” मग डोक्याच्या वर हवेत हात हलवून, “ॲब्सोल्यूटली.” शेजारी पिंडदानाला आलेलं कुटुंब आमच्याकडे बघत होतं.

आज शाळेत बाईंना तिने कारण विचारलं. बाई म्हणाल्या, पंचावन्न वह्या होत्या, शेरा राहून गेला, आणि हिला फळ्यावर येऊन सांगायला लावलं. मार्क काही वाढले नाहीत. पण घरी आल्यापासून माझ्या चुका काढणं सुरू आहे. मी म्हटलं भात ‘खूप मऊसूत’ झालाय, तर “आई, अगदी म्हण.”

नवा निबंध लिहून तिने आजीला फोनवर मराठी अर्थासकट वाचून दाखवला. ‘निफाड वॉज फ्रीझिंग. माय ग्रँडमदर वॉज ॲब्सोल्यूटली एग्झॉस्टेड.’ पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग आई म्हणाली, “दमले होते? मी कधी दमले होते? पंधरा माणसांचा स्वयंपाक करून रात्री पापड लाटले मी. खोड ते.”

लेक वही उघडून बसलीय. आता ‘अ बिट टायर्ड’ लिहायचं की नुसतं ‘टायर्ड’, यावर दोघींची फोनवर घासाघीस सुरू आहे.

तर्रीवाला | ९:१८

आजींना ॲब्सोल्यूटली दंडवत. पापड उडदाचे की नागलीचे?

निफाडची_लेक | ९:२१

नागलीचे. आणि वाक्यच खोडलं शेवटी.